झेंड्यावरची दोन अक्षरं

उद्या सकाळी साहेब येणार, आणि आज दुपारी कळलं की वाड्यावरच्या झेंड्यावर महाराजांची चक्क बदनामी शिवलेली आहे!

पिंपळकोट संस्थानचे सर्जेराव महाराज लालबुंद झाले होते. समोर राघो शिंपी उभा होता आणि त्याच्या शेजारी त्याची मुलगी ठकू. झेंड्यावरची जरीची अक्षरं तिनंच काढली होती.

घडलं होतं ते असं. महाराज मनानं मोठे, पण काही ठरवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. आधी भात वाढायचा की पोळी, यावरही अर्धा तास खल चाले. नदीवरच्या पुलाचा नकाशा तर चार वर्षं पडून होता. शेवटी कंटाळून इंग्रज सरकारच्या एजंट साहेबानं पत्रात लिहिलं, 'महाराज फार इनडिसायसिव्ह आहेत.' संस्थानात इंग्रजी येत होतं एकट्या त्र्यंबकपंत दुभाष्याला. खरा अर्थ सांगावा तर नोकरी जायची! पंत म्हणाले, "साहेब म्हणतात, महाराज चहूबाजूंनी विचार करतात!" महाराज असे खूश झाले, की दसऱ्याला तो शब्द इंग्रजीत, हातभर अक्षरांत, झेंड्यावर चढला.

आज शाळेवर नवे हेडमास्तर रुजू झाले. त्यांनी मान वर करून झेंडा वाचला आणि त्यांना ठसकाच लागला. दरबारात बोलावून विचारलं, तेव्हा त्यांनी घाबरत खरा अर्थ सांगितला, "ज्याला काही म्हणता काही ठरवता येत नाही, असा." त्याच क्षणी त्र्यंबकपंतांना थंडी वाजून ताप भरला आणि ते घरी पळाले. सापडले ते शिंपी!

"राघो!" महाराज गरजले. "दिवे लागायच्या आत ही बदनामी गेली पाहिजे! पण झेंडा हाच राहील. पूजा झालेला झेंडा वर्षभर उतरवून ठेवता येत नाही. त्याला सुई लागता कामा नये. ठिगळ नको, नवा टाका नको! नाही जमलं तर बापलेकीनं संस्थानची हद्द सोडायची."

"आणि झेंड्याला कात्री लावणाऱ्याचा हात कलम करायचा, हा कायदाही आहे," दिवाणजींनी हळूच भर घातली.

ठकूनं बापाचा हात धरला. आबा आता पाय धरणार आणि मग सगळंच संपणार, हे तिच्या लक्षात आलं. ती पुढं सरली.

"महाराज, मास्तरांना दोन प्रश्न विचारू?"

"विचार, पण लवकर!"

"मास्तर, एवढ्या लांब शब्दात वाईट नेमकं कुठं आहे?"

"पुढच्या दोन अक्षरांत," मास्तर म्हणाले. "ते 'इन' आपल्या 'अ'सारखं आहे. शुद्धचं अशुद्ध होतं ना, तसं."

"आणि ती दोन नसतील तर?"

"तर उरतं 'डिसायसिव्ह'. चटकन ठरवणारा, आणि ठरवलं की मागं न फिरणारा. माणसाला लावतात, लढाईलाही लावतात. जी लढाई कायमचा निकाल लावते, ती डिसायसिव्ह!"

ठकूचे डोळे लुकलुकले. तिनं कमरेची कात्री काढून महाराजांपुढं धरली.

"घ्या महाराज. सुई नको, टाका नको. पुढची दोन अक्षरं उसवायची!"

"मग उसव की! मला कशाला देतेस?"

"माझा हात जाईल ना! झेंड्याच्या धन्याचा हात कोण कलम करणार?"

झेंडा तेवढ्यापुरता खाली आणला. महाराजांनी कात्री हातात घेतली. मग ती खाली ठेवली. "जोशीबुवांना मुहूर्त विचारावा काय?" पुन्हा उचलली. "उजवीकडून उसवावं की डावीकडून? दिवाणजी, तुम्हाला काय वाटतं? की चहा घेऊन मग..."

ऊन कलायला लागलं. ठकूनं शांतपणे हात पुढं केला.

"द्या महाराज कात्री परत. झेंडा आहे तसाच फडकू दे."

"का गं?"

"त्यावर खोटं कुठं काय लिहिलंय?"

राघोनं डोळेच मिटले. महाराजांचा चेहरा तांबडा झाला, मग काळसर, मग पुन्हा तांबडा. आणि कच्च! एक अक्षर निघालं. कच्च! दुसरंही गेलं.

"हो गं पोरी," महाराज धापा टाकत म्हणाले. "जमतं की मला!"

सकाळी साहेब आला. त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या भुवया उंचावल्या. पण साहेबाची नजर बारीक. शब्दाआधीची मोकळी जागा आणि तिथली टाक्यांची भोकं त्याला दिसलीच.

"इथं काय होतं?" त्यानं विचारलं. मास्तरांनी प्रश्न मराठीत सांगितला. महाराजांनी दिवाणजींकडं पाहिलं, दिवाणजींनी जमिनीकडं. मागून ठकूचा आवाज आला,

"साहेबांना सांगा, महाराजांनी पहिला निर्णय तिथंच घेतला!"

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब टोपी काढून इतका हसला, की त्याचा घोडा बिचकला. त्याच्यामागोमाग महाराजही पोट धरधरून हसले.

"पोरी, माग काय हवं ते!"

"मुंबईला पायानं चालवायचं शिवणयंत्र मिळतं म्हणतात, महाराज."

दिवाणजी घसा खाकरून म्हणाले, "महाराज, खर्चाचा जरा विचार..."

"दिलं!" महाराज म्हणाले. "आणि पुलाचं काम सोमवारी सुरू!"