पाट्यापाशी ठेवलेली विद्या

पूर्वी कृतयुगात, जेव्हा भूर्जपत्रावर अजून एकही अक्षर उमटले नव्हते आणि सारी विद्या माणसांच्या कंठातच नांदत होती, तेव्हा पयोष्णीच्या तीरावर, कदंबांच्या शीतल छायेत, तृणसोम नावाच्या ऋषींचा आश्रम होता. एक सहस्र आठ वनस्पतींचे गुण त्यांना मुखोद्गत होते. पण खरे सांगायचे तर ऋषींची स्मरणशक्ती मुळात यथातथाच हो! गुरुगृही असताना ते ज्वराची औषधी कावीळ झालेल्याला सांगत. पुढची सारी किमया त्यांच्या पत्नीची, विरजेची.

लग्न होऊन आली तेव्हाच ती म्हणाली होती, "स्वामी, विद्या अशी ढीग घालून ठेवू नये. घरात प्रत्येक वस्तूला जागा असते, तशी हिलाही द्या. ज्वराच्या औषधी चुलीपाशी, मोडलेल्या हाडांवरच्या गोठ्यातल्या खुंट्यापाशी. विषाचे उतारे वाटूनच द्यायचे ना? मग ते पाट्यापाशी." रोज प्रातःकाळी ती पुढे आणि ऋषी मागे, अशी आश्रमाची प्रदक्षिणा होई, ती थांबे तिथली विद्या ऋषी म्हणून दाखवीत आणि चुकले की ती खुदकन हसे. पुढेपुढे नुसते डोळे मिटले तरी सारा आश्रम त्यांच्या मनात उभा राही.

मग एका शरदात विरजा गेली. सहस्र औषधी जाणणाऱ्याच्या हातून स्वतःची पत्नी वाचली नाही.

आता डोळे मिटले की चुलीपाशी औषधीच्या आधी तीच दिसे, फुंकणीने जाळ फुलवणारी. खुंट्यापाशी तीच, वासराला गोंजारणारी. ऋषींचा जीव तुटे. अखेर आश्रम सोडून ते नदीच्या उगमापाशी गेले आणि बारा वर्षे घोर तप करून त्यांनी वाग्देवीला प्रसन्न केले.

"माते, तिच्या स्मृतीतून मला सोडव!"

"तपोधना, नीट विचार करून माग. तुझी विद्या तिच्याच घरात राहते."

"विचार करकरूनच थकलो आहे, माते!"

"तथास्तु."

काय सांगावे! दुःख क्षणात नाहीसे झाले. ऋषी निर्विकार मनाने आश्रमात परतले, गाढ झोपले, पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी मध्यान्ही कुवली नावाची निषाद स्त्री नवऱ्याला झोळीत घालून ओढत घेऊन आली. त्याला सर्पदंश झाला होता, ओठ निळे पडले होते.

ऋषींनी डोळे मिटले. चूल नाही, खुंटा नाही, पाटा नाही. आत नुसते ओसाड माळरान. ते धावत घरात खऱ्या पाट्यापाशी गेले, तर तो केवळ दगड.

"महाराज, आठवा ना!" कुवली कळवळून म्हणाली. "ह्यांच्याशिवाय त्या झोपडीत मी कशी राहू?"

तिच्या डोळ्यांतली ओढ पाहून ऋषींच्या काळजात चर्र झाले. असेच काहीतरी आपल्यापाशीही होते आणि आपण ते हाताने पुसून टाकले, एवढे त्यांना उमगले. ते आक्रोशले, "माते, माझे दुःख मला परत दे!"

देवी प्रकटली. "दिलेला वर मागे फिरत नाही, त्याला मुरड मात्र घालता येते. मागे फिरून उंबरठ्यावरून पुन्हा आत ये. विद्या परत येईल. पण तिच्याआधी विरजा येईल आणि दर वेळी ती तुला नव्याने सोडून जाईल. सोसशील?"

"सोसेन, माते! जन्मभर सोसेन!"

ऋषी उंबरठ्यापर्यंत मागे गेले आणि पुन्हा आत वळले. पाट्यापाशी विरजा बसली होती, कोपरापर्यंत हात हिरवे झालेले. तिने मान वर केली. "आलात? किती वाट पाहायची माणसाने!"

तिच्या वरवंट्याखाली नाकुलीचे मूळ होते. ते त्यांनी ओळखले मात्र, आणि ती दिसेनाशी झाली. रडत रडतच त्यांनी मूळ वाटले. सूर्यास्तापूर्वी निषाद उठून बसला आणि त्याने पाणी मागितले.

तेव्हापासून, आत कशाला आलो हे विसरले की माणूस उंबरठ्यापर्यंत मागे जातो, आणि हवे ते आठवण्याआधी त्याला क्षणभर कुणीतरी गेलेले माणूस आठवते. तृणसोमांना तर पुढे सारी विद्या पुन्हा मुखोद्गत झाली. तरी ते रोज प्रदक्षिणा घालीत, पाट्यापाशी एक नाव मुद्दाम चुकवीत आणि ती हसते का, म्हणून कान देऊन उभे राहत.