एकादशीची गोळी

"एवढे उपासतापास करूनही माझ्याच वाट्याला हे का, बुवा?"

परसराम झोपडीच्या आतून विचारत होता. मठाचे हरिबुवा बाहेर लिंबाखाली उभे होते.

परसराम म्हणजे मठातला सगळ्यात कडक शिष्य. सोमवार, प्रदोष, दोन्ही एकादश्या, सगळं निर्जळ. दुसऱ्या कुणी साबुदाणा खाल्ला तरी हा नाक मुरडायचा. अशा माणसाला क्षय झाला आणि त्याचं बिऱ्हाड मठामागच्या झोपडीत गेलं.

बाकीचे मठकरी मोठे शूर! त्याचं ताट लांब दगडावर ठेवायचं आणि धूम ठोकायची. अहो, हा रोग ताटवाटीनं लागत नाही, बंद खोलीतल्या खोकल्यानं लागतो, तुम्ही सगळे तपासून घ्या, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. ऐकतो कोण? छातीचा फोटो काढायला एकटे बुवा गेले.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"दोन महिन्यांनी थुंकी तपासली. जंतू अजून आहेत म्हणे. म्हणजे अजून इथंच... बुवा, मठातली आरती ऐकू येते, तेव्हा मी इथं एकटाच टाळ्या वाजवतो. फार एकटं वाटतं हो."

बुवा दोन पावलं जवळ सरकले.

"गोळ्या घेतोस?"

"घेतो."

"रोज?"

"रोज."

"आजची घेतलीस?"

"आज एकादशी आहे, बुवा!"

"...आणि सोमवारची?"

"सोमवारी पाण्याचा थेंब घेत नाही मी. गोळी कशी चालेल? व्रत तुम्हीच दिलंत."

बुवा लिंबाच्या मुळावर बसले.

"नर्सबाईंना हे सांगितलंस?"

"त्यांना व्रतातलं काय कळतंय? रोज घेतो म्हणालो."

"अरे, उपाशी तू राहिलास. तो जंतू राहिला का?"

परसराम दाराशी आला.

"तुझी एकादशी आणि त्याचं पारणं. सहा महिने रोज मार बसला तर तो मरतो. मधेच मोकळा सोडलास की निर्ढावतो. मग हीच औषधं त्याला लागू पडत नाहीत. जिवानिशी जाशील, परसराम."

"जाईन. व्रत मोडून जगण्यात काय अर्थ आहे? तुम्ही मोडलीत कधी एकादशी? सांगा ना!"

बुवांनी मिसरूड फुटल्यापासून एकादशी मोडली नव्हती. तापानं फणफणले तरी नाही.

ते उठले आणि उताराला लागले.

झालं, हेही गेले, असं परसरामला वाटलं. त्याला रडूच कोसळलं.

उन्हं चढली तेव्हा बुवा परत आले. हातात फडकं होतं, फडक्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा. मठात आज भाकरीची चूल पेटली नव्हती. खालच्या धनगरवाड्यात दारात उभं राहून, चार माणसांसमक्ष, बुवांनी एकादशीला भाकरी मागून आणली होती.

"बाहेर ये. इथं उघड्यावर वारा आहे. गोळ्या आण, तांब्या आण."

परसराम बाहेर आला आणि जरा अंतरावर बसला.

बुवांनी भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घातला... सावकाश चावला... गिळला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बुवा! अहो, काय केलंत हे!"

"जेवण झालं की दोघं मिळून नर्सबाईंकडे जाऊ. तू खरं सांगायचं. व्रत मी दिलं होतं, हे मी सांगेन."

दुसरी भाकरी त्यांनी पुढे सरकवली.

परसराम हातातल्या गोळ्यांकडे पाहत राहिला. बुवांनी दुसरा घास घेतला. मग त्यानं डोळे मिटले आणि गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. तांब्या त्यानं खाली ठेवला.

"जन्माचं पुण्य गेलं तुमचं, बुवा. माझ्यापायी गेलं."

"पुण्य पुष्कळ होतं रे... जेवायला सोबत नव्हती."