साळुंकी झालेली राणी आणि न वाळणारी साखर

एका राज्यात हवेला बारा महिने घाम फुटलेला असे. मिठाला पाणी सुटे, उन्हात घातलेले पापड मऊच्या मऊ परत येत, आणि तिथला राजा रिपुदमन भिंतीवरच्या पालीलाही हेर समजे.

एकदा एका मांत्रिकाने त्याला मधाची बिस्किटे भेट दिली. राजाने ती आधी कुत्र्याला चारली. मांत्रिकाला अपमान सहन झाला नाही. त्याने राणी मंदाकिनीची साळुंकी केली आणि म्हणाला, "बिस्किटावर साखरेने राणीचा मुखडा रेखा. बोट फिरवून तो पुसला नाही, तर राणी परत मिळेल. एका हलवायाला तीनच बिस्किटे." एवढे बोलून तो धूर होऊन गेला.

साळुंकी बोलत असे. "महाराज, मी आपलीच राणी."

"साळुंकी तर तेच सांगणार," राजा म्हणे.

सात वर्षांत एकोणीस हलवाई आले. एकाचीही साखर वाळली नाही. राजाला प्रत्येक जण मांत्रिकाचा माणूस वाटला आणि सगळे तळघरात गेले. त्यातला शेवटचा बहिर्जी. त्याची बायको चिमाबाई, तीही तयारीची हलवाईण, दरबारात येऊन उभी राहिली.

"मुखडा वाळला तर माझा नवरा द्या."

"नाही वाळला तर तूही त्याच्या शेजारी," राजा म्हणाला.

चिमाबाईने अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटली, तो लेप मेंदीसारखा कागदी कोनात भरला आणि बिस्किटावर राणीचा मुखडा काढला. कपाळी लाल कुंकू दिले. लागलीच शिपायांनी वाड्यातल्या प्रत्येक ताटावर विषाच्या भीतीने घालत तसे वर तांब्याचे झाकण घातले, लाखेची मोहोर मारली आणि तिघे पहाऱ्याला बसले. तिघेही एकमेकांवर डोळा ठेवून होते. दुसऱ्या दिवशी झाकण काढले, तर कुंकू ओघळून राणीच्या नाकावर आलेले.

"कोणी हात लावला?" राजा गरजला.

चिमाबाईलाही शंका आली. पहारेकऱ्यांची आली, साळुंकीची आली, अगदी अंड्यांचीही आली. दुसऱ्या खेपेला तिने साखर वाढवली, लिंबू पिळले, कुंकू दिलेच नाही. तरी सकाळी मुखड्याचे डोळे राजाच्या बोटाला चिकटून आले. या वेळी मात्र तिने पहारेकऱ्यांकडे पाहिले नाही. तिने झाकण उलटे केले. आतून ते पाण्याने डबडबले होते.

"महाराज, चोर हाच. बिस्किट उघडे ठेवा, शेजारी निखाऱ्यांची शेगडी ठेवा आणि पंख्याने वारा घाला."

"म्हणजे विष टाकायला वाट मोकळी!"

शिपाई दोन पावले पुढे सरकले. चिमाबाईने चटकन पंखा उचलला आणि राजापुढे धरला.

"मग पहारा आपणच द्या. वाराही आपणच घाला."

राजाने सगळ्या दरबारावरून नजर फिरवली. पंखा सोपवावा असा एकही माणूस त्याला दिसला नाही. त्याने तो घेतला.

तिसरे बिस्किट रेखून झाले आणि राजा वारा घालू लागला. हात भरून आले, मुकुट कपाळावर घसरला. चारदा त्याचा हात झाकणाकडे गेला, आणि चारदा साळुंकीची नजर पडताच मागे आला. दिवेलागणीला त्याने भीतभीत मुखड्यावर बोट फिरवले. बोट कोरडे राहिले.

साळुंकीची पिसे गळाली. राणी मंदाकिनी उभी होती.

"दमलात, महाराज," ती म्हणाली.

राजा ओक्साबोक्शी रडला. मग त्याने बिस्किट मोडले, अर्धे राणीला दिले आणि अर्धे कोणालाही न चाखवता स्वतः खाल्ले. त्या दिवसापासून वाड्यात ताटे उघडी वाढली जाऊ लागली.

तळघर उघडले. बहिर्जी डोळे चोळत बाहेर आला.

"झाकण काढायला लावलंस?"

"हो."

"मीही तेच म्हणालो होतो गं. म्हणून तर आत टाकलं. तुझं कसं ऐकलं?"

"मी पंखा त्यांच्याच हातात दिला."

बहिर्जीला आधी रडू आले, मग हसू.