लोकऱ्याची जट

माळावरच्या एका गावात घोंगड्या विणणारा एक विणकर राहत होता. लोकर निवडावी, विंचरावी, तिचं सूत काढावं आणि मगच मागावर चढवावं, या कामात त्याचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत कोणी नव्हता. त्याच्या घोंगडीत एक गाठ शोधून दाखवा, असं लोक पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगायचे. हे कौतुक विणकराच्याही कानावर होतं आणि त्याला ते आवडायचं.

घरात तो, त्याची बायको आणि लोकऱ्या नावाचा कुत्रा, एवढीच माणसं. हो, कुत्रा माणसांतच धरायचा. मेंढरं घेऊन जाणाऱ्या एका धनगरानं तो पिल्लू असताना त्यांना देऊन टाकला होता. वाढता वाढता त्याचे केस एवढे लांब झाले की झोपलेल्या लोकऱ्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली, हे हाक मारल्याशिवाय कळायचं नाही. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की लोकऱ्याही खड्ड्यात उतरायचा आणि त्याच्या डाव्या पावलावर हनुवटी टेकायचा. पाय वर-खाली झाला की त्याचं डोकंही वर-खाली व्हायचं, पण तो काही उठायचा नाही.

संध्याकाळी बायको रुंद दातांची लाकडी फणी घेऊन अंगणात बसायची. कानामागं, मानेखाली, काखेत, सगळीकडे फणी फिरवायची, कुसळं वेचायची, गोचीड दिसली तर काढून टाकायची आणि शेवटी खोबरेल तेलाचं बोट लावायची. तेवढा वेळ लोकऱ्या डोळे मिटून स्वस्थ बसायचा.

एकदा लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी बायको दोन महिने परगावी निघाली. गाडीत चढता चढता ती म्हणाली, "भाकर तर कुणीबी घालंल. पर ह्याला रोज फणी फिरवा. एक दिस चुकला तर चालंल, दोन दिस चुकू नका."

"अगं, साऱ्या माळाची लोकर विंचरणारा मी," विणकर हसला. "एका कुत्र्याचं काय घिऊन बसलीस?"

पहिल्या दिवशी त्याचे हात दुखत होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी फणी सापडेना, आणि चौथ्या दिवशी सापडली तेव्हा जेवण अंमळ जास्त झालं होतं. असं करता करता लोकऱ्याच्या कानामागं सुपारीएवढी गाठ झाली. सुपारीचं लिंबू झालं. तेव्हा कुठे विणकराला जाग आली, आणि त्यानं फणीऐवजी सोपी वाट धरली. कुत्र्याला ओढ्यावर नेऊन खसाखसा चोळून आंघोळ घातली.

आता ओली लोकर चोळली की आवळत जाते, हे त्याच्याइतकं ठाऊक कोणाला असणार? घोंगडी घट्ट बसावी म्हणून तो स्वतः तेच करायचा. पण आळस अंगात शिरला की माणूस आपली विद्याही विसरतो. ऊन खाऊन लोकऱ्या वाळला तेव्हा कानापासून खांद्यापर्यंत जाड दोरखंडासारखा एक लोंबता गुंता तयार झाला होता.

त्याच सुमारास शेजारच्या आत्याबाई ताक द्यायला आल्या. त्यांची नजर लोकऱ्यावर गेली आणि तांब्या हातातच राहिला.

"अगं बया! जट!" त्या ओरडल्या. "मुक्या जनावराला देवीनं जट दिली!"

खरं काय ते विणकराच्या ओठांवर आलं होतं. पण आत्याबाईंनी डोक्यावर पदर घेतला, लोकऱ्याला वाकून नमस्कार केला आणि मग विणकरालाही केला. आजवर त्याला कोणी वाकून नमस्कार केला नव्हता. त्यानं तोंड मिटून घेतलं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून दारात रांग लागली. कोणी हळद-कुंकू वाहिलं, कोणी नारळ ठेवला, कोणी उदबत्ती ओवाळली, कोणी पेढा थेट जटेलाच चिकटवला. पहिले चार दिवस लोकऱ्याचीही चंगळ झाली. विणकराला पारावर बसायला घोंगडी अंथरून मिळू लागली, तीही त्यानंच विणलेली. अमक्याच्या मुलीला कोणतं स्थळ बरं, तमक्याची म्हैस दूध का देत नाही, हे लोक त्याला विचारू लागले आणि तोही डोळे मिटून उत्तरं देऊ लागला.

लोकऱ्या मात्र दिवसेंदिवस उतरत चालला. गुंत्याच्या ओढीनं त्याची मान एका बाजूला कलली. तो मागच्या पायानं कानामागं खाजवायला लागला की लोक हात जोडून म्हणायचे, "बघा, अंगात आलंय!" बिचाऱ्याला नुसती खाज सुटलेली असायची.

देवीची जत्रा जवळ आली. पालखीपुढे सजवलेल्या बैलगाडीत लोकऱ्याला बसवायचं आणि शेजारी विणकरानं फेटा बांधून बसायचं, असं पाटलांनी ठरवलं. जत्रेच्या आदल्या दिवशी विणकर मागावर बसला होता. डावा पाय मोकळा मोकळा वाटला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की कितीतरी दिवसांत लोकऱ्या खड्ड्यात उतरला नाही. त्यानं हाक मारली. लोकऱ्या खाटेखालून हलेना. त्यानं वाकून कानावर हात ठेवला, तर लोकऱ्यानं जन्मात पहिल्यांदा त्याला दात दाखवले. आणि लगेच, चुकलं म्हणत असल्यासारखी शेपूटही हलवली.

दात दाखवल्याचं विणकराला काही वाटलं नाही. पण ती हलणारी शेपूट त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

जत्रेच्या सकाळी बायको परतली. लोकऱ्याच्या गळ्यातला झेंडूचा हार, कपाळावरचं कुंकू आणि तो गुंता, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं.

"ह्ये काय?"

"देवीची जट हाय, म्हणत्यात," विणकर पुटपुटला.

ती खाली बसली. गुंत्याच्या कडेनं हलकेच बोट घालून तिनं पाहिलं. आतली कातडी लालभडक झाली होती.

"लोकरीत अशी गाठ घावली तर तुमी काय करता?"

"सोडवतो."

"मग?"

लांबून हलगीचा आवाज येऊ लागला होता. विणकर म्हणाला, "समदा गाव दारात येतोय. काय सांगू त्यास्नी? उद्या पारावर तोंड कसं दावू?"

"ते तुमचं तुमी बघा," बायको म्हणाली. तिनं तेलाची वाटी, कातर आणि फणी त्याच्यासमोर ठेवली. "तुमच्या हातानं झालंय, तुमच्याच हातानं निघू द्या."

गाडी दारात आली. बैलांच्या शिंगांना गोंडे, वर केळीचे खांब, पुढे पाटील. विणकर बाहेर आला तो फेटा न बांधताच.

"पाटील, हलगी थांबवा," तो म्हणाला. "ही जट देवीची न्हाई. माझ्या आळसाची हाय. दोन म्हैने ह्याला मी फणी लावली न्हाई. तुमी नमस्कार करत राहिला, आन् मी घेत राहिलो."

हलगी थांबली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "जट कापू नगंस! देवीचा कोप हुईल!"

"हुईल तर माझ्यावर हुईल. ह्याच्यावर आदीच झालाय," विणकर म्हणाला आणि लोकऱ्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसला.

लोकऱ्या गुरगुरला. विणकरानं त्याला चुचकारत गुंत्यात तेल जिरवलं. केस मुळाशी चिमटीत धरले, म्हणजे कातडीला ओढ बसणार नाही, आणि टोकाकडून सोडवायला सुरुवात केली. जे सुटेना ते कातरीनं उभं चिरलं. साऱ्या माळाची लोकर विंचरणारे हात शेवटी कामाला लागले होते. हलगीवाल्यांनी हलगी खाली ठेवली आणि बैठक मारली.

गुंत्यातून कुसळं निघाली, गोखरू निघाले. नारळाची शेंडी निघाली. अर्धी उदबत्ती निघाली. मग मुंग्या लागलेला पेढा निघाला.

"अगं बया, ह्यो तर माझाच पेढा!" आत्याबाई म्हणाल्या, आणि पाटलांसकट सगळे हसले.

पण शेवटची बट निघाली आणि तळहाताएवढी ओली जखम दिसली, तेव्हा कोणी हसलं नाही. आत्याबाई उठून घरी गेल्या आणि वाटीत हळद घेऊन आल्या. पहिला नमस्कार त्यांनीच केला होता. आता त्यांनी अलगद बोटांनी ती हळद तेलात कालवून जखमेवर लावली.

"महिनाभर वरनंच वाहत हुते रं, लेकरा," त्या लोकऱ्याला म्हणाल्या. "हळद लागत हुती ती हितं, जखमेवर."

लोकऱ्या उठला. त्यानं असं काही अंग झाडलं की महिन्याभराचं हळद-कुंकू उडून पाटलांचं पांढरं धोतर रंगलं. मग तो अंगणात तीनदा गोल धावला. देवीचा कोप काही झाला नाही. गाडी सजवलेली होतीच, तिच्यात गुडघे धरलेल्या आत्याबाईंना बसवलं आणि जत्रा थाटात पार पडली.

विणकराची पारावरची मानाची घोंगडी गेली. त्याला पुन्हा पाराच्या मागच्या कडेला, पूर्वीच्या जागेवर बसावं लागलं, आणि वर्षभर येता-जाता प्रत्येक जण विचारायचा, "काय, फणी झाली का?" तो मान खाली घालून सांगायचा, "झाली." आणि ते खरं असायचं.

जत्रेनंतर आठवड्यानं तो मागावर बसला होता. खड्ड्यात काहीतरी खसफसलं आणि डाव्या पावलावर एक ऊबदार हनुवटी येऊन टेकली. विणकरानं पाय दाबला. लोकऱ्याचं डोकं वर झालं, खाली झालं. विणकराचे डोळे भरून आले, पण त्यानं माग थांबवला नाही, कारण पाय थांबला तर लोकऱ्याची झोप मोडली असती.

तात्पर्य काय, तर जो आपल्या भरवशावर जगतो त्याला आपला नमस्कार नको असतो, आपला रोजचा हात हवा असतो.