वारा घालणाऱ्यांचं विद्यापीठ

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. सदा उन्हानं तापलेल्या एका राज्यात एक राजा होता. मनानं वाईट नव्हता, पण फार उतावळा.

एकदा तो नदीकाठचं विद्यापीठ बघायला गेला. तिथं कुणी ताऱ्यांचा अभ्यास करत होतं, कुणी औषधी झाडपाल्याचा, कुणी परक्या भाषांचा. घामानं डबडबलेल्या राजाला त्यातलं काहीच पटेना.

"आचार्य, या पोरांना माझ्या दरबारात काम काय मिळणार?" तो म्हणाला. "मला माणसं हवीत ती वारा घालायला. तेवढंच शिकवा!"

"महाराज, आज उकडतंय हे खरं, पण पुढे..." म्हातारे आचार्य सांगू लागले.

"पुढचं पुढे बघू!"

झालं! बाकीचे विषय बंद. पहिल्या वर्षी ताडाचा पंखा, दुसऱ्या वर्षी मोरपिसांचा. हुशार मुलं दोन्ही हातांनी वारा घालायला शिकली. शिकून बाहेर पडेल त्याला लगेच दरबारात जागा मिळे. आईबाप पेढे वाटत आणि राजा सिंहासनावर गारेगार डुलक्या घेई.

वर्षं सरली. जुने वैद्य एकेक करून गेले. मग एका हिवाळ्यात कधी नव्हे अशी थंडी पडली आणि राजाला हुडहुडी भरून ताप आला.

"अरे, कुणाला तरी बोलवा!" तो कुडकुडत ओरडला.

राज्यातली सगळी शिकलेली मंडळी धावत आली. त्यांना जे येत होतं, ते त्यांनी अगदी मनापासून केलं.

"थांबवा तो वारा!" राजा गोधडीतून केकाटला.

"महाराज, डावीकडून घालू का?" त्यांच्यातल्या सर्वांत हुशार पदवीधरानं अदबीनं विचारलं.

राजाचे दात वाजत होते, नाहीतर त्यानं त्याला चांगलंच सुनावलं असतं.

शेवटी शेजारच्या राज्यातून एक तरुण वैद्यबाई आल्या. त्यांनी आधी पंखेवाल्यांना बाहेर काढलं. नाडी पाहिली, बारीकसारीक चौकशी केली. पहिला काढा लागू पडेना, म्हणून दुसरा दिला. हळूहळू ताप उतरला.

"बाई, तुम्हाला हेच दुखणं शिकवलं होतं का?" राजानं विचारलं.

"नाही महाराज. हे मीही पहिल्यांदाच बघतेय. कधी न पाहिलेलं दुखणं समोर आलं, तर विचार कसा करायचा, ते मात्र शिकवलं होतं."

राजा ओशाळला. बरा होताच तो आचार्यांच्या घरी गेला आणि हात जोडून म्हणाला, "चुकलो."

विद्यापीठात सगळे विषय पुन्हा सुरू झाले. पंखेवाले पदवीधर कुरकुरत पहिल्या वर्गात जाऊन बसले. त्यांच्या शेजारी राजानंही मांडी ठोकली आणि पहिल्याच दिवशी प्रश्न विचारून विचारून आचार्यांना भंडावून सोडलं.

तात्पर्य: जे शिक्षण फक्त आजच्या नोकरीपुरतं दिलं जातं, ते उद्याच्या अडचणीत उपयोगी पडत नाही.