साळुंकी कोणाची प्रजा?

ही गोष्ट शपथेवर खरी. माझ्या डोळ्यांदेखत घडली, म्हणजे माझ्या जन्माच्या बरंच आधी. नदीच्या अलीकडे सिंहाचं राज्य होतं, पलीकडे वाघाचं. दोघांचं बिनसलं आणि सिंहाने फर्मान काढलं, "साळुंक्यांनी कुठलं तरी एकच राज्य धरावं!"

साळुंक्या दोन्हीकडच्या जनावरांच्या गोचिड्या टिपायच्या. त्या मुकाट नदीतल्या खडकावर जाऊन बसल्या. आठवड्यात सिंहाचे कान गोचिड्यांनी भरले. गर्जनेला तोंड उघडलं, की पंजा आपोआप कानाकडे जाई. पलीकडे वाघाचंही तेच.

"अगं साळुंकीबाई, ये ना!" सिंह कळवळला.

"कोणाची प्रजा म्हणून येऊ, महाराज?"

"तुझी तू ये, बाई!"

"मग आधी ती हद्द पुसा."

दोन्ही राजांनी खाजवत खाजवत तह केला.

यातल्या साळुंक्या आणि गोचिड्या खऱ्या. ती दोन राज्यं तेवढी मी पदरची घातली.