धाकू तरीवाल्याने न दिलेली ओ

नीट सावरून बसा, आणि मधे खुसूखुसू करू नका. ही गोष्ट हसण्यासारखी नाही. फार फार वर्षांपूर्वी, आपल्या खाडीवर पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हा धाकू तरीवाला माणसांना होडीतून अल्याड-पल्याड न्यायचा. पलीकडून कुणी हाक घातली की इकडून धाकू ‘ओ’ द्यायचा. एकदा ओ दिली की भरलं ताट सोडून जायचंच, अशी इथली रीत. धाकूची ओ एवढी खणखणीत, की डोंगरापल्याडच्या गाई माना वर करायच्या, असं म्हणतात.

एकदा त्याची लेक चार दिवस माहेरी आली. तिची दोन पोरं, यसू आणि धाकटा भिक्या, आबाला एक क्षण सोडत नव्हती. म्हातारा नुसता हरखून गेला होता! जायच्या आदल्या संध्याकाळी तिघं काठावरच्या होडीत बसून भाजलेली कालवं खात होती. भिक्या आबाच्या मांडीवर होता.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. “तरीवाल्याऽऽ, ये रेऽऽ!”

यसूने कान टवकारले. धाकूने ओठांवर बोट ठेवलं. “गप बसा दोघंही. आपण ऐकलंच नाही. असेल कुणी बाजारचं, येईल सकाळी.” ओ दिली नाही म्हणजे जायला नको, एवढंच त्याच्या मनात. उद्या पोरं जाणार होती ना!

हाक येत राहिली. मग घोगरी झाली, मग थांबली.

हाक घालत होती पल्याडची भागी. तिचं तान्हं तापाने फणफणलं होतं आणि वैद्य राहायचा अल्याड. शेवटी ती पोराला डोक्यावर धरून पाण्यात शिरली. खाडीनेच तिच्या पायाखाली वाळू उचलून धरली, असं म्हणतात, नाहीतर तिथे हत्ती बुडेल एवढं पाणी. पोर वाचलं. पण ओरडून ओरडून भागीचा आवाज गेला, तो गेलाच.

सकाळी गाव जमला. “काय रे धाकू, तुला हाक ऐकू नाही आली?”

“देवाशप्पथ नाही. वारा उलटा होता.”

“आबा, असं काय करतोस?” यसू म्हणाली. तिला वाटलं, म्हातारा विसरला. “ऐकली की आपण. तूच म्हणालास, गप बसा.”

गावाने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. भागीचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. धाकूने भिक्याला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तो आईच्या पदराआड गेला. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून धाकूचा स्वतःच्या कानांवर भरवसा राहिला नाही. होडी बांधण्याआधी काठावर जे लहान पोर दिसेल त्यालाच तो विचारायचा, “बाळा, कुणी हाकारतंय का रे?”

पुढे एका वर्षी खाडी फुगली. यसू आजोळी आली होती. मोठी माणसं म्हणाली, पल्याड कुणी नाही, मरायला जाऊ नकोस. यसू म्हणाली, “आबा, हाक येतेय.” धाकूने ओ दिली आणि होडी लोटली. पल्याडची सगळी वाडी छपरांवर बसली होती. जेवढी माणसं चढली तेवढी होडी लांब होत गेली, असं म्हणतात. शेवटी भागी चढली, पण बसली धाकूकडे पाठ करून. धाकू मुकाट्याने वल्ही मारत राहिला.

काठावर लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला, तेव्हा तो खेकसला, “बंद करा, मेल्यांनो! लाज वाटते मला.”

धाकूला मेलेलं कुणी पाहिलं नाही. एका संध्याकाळी ओ देऊन जो निघाला, तो अजून पल्याड पोचायचाय, असं म्हणतात.

आता पूल झाला, तरी होड्या आहेतच. शेवटची होडी बांधण्याआधी नावाडी अजूनही धाकूचं नाव घेतो आणि काठावरच्या सगळ्यात लहान पोराला विचारतो, “कुणी हाकारतंय का?” मोठ्यांनी उत्तर द्यायचं नाही. पोर हो म्हणालं तर होडी जाते. परवाच एका शेंबड्याने नुसती फेरी मिळावी म्हणून हो म्हटलं. पल्याड चिटपाखरू नव्हतं, आणि नावाडी घामाघूम होऊन परत आला. पोराला कुणी रागावलं नाही. तो हक्क आपण मोठ्यांनी धाकूच्या वेळीच घालवला, असं इथली माणसं म्हणतात.